ऑर्डरी निम्म्यावर, भाडं तेवढंच: गोदाम टिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: भिवंडीत तीन गाळे मिळून 30,000 चौरस फुटांचं गोदाम आहे, भाडं महिन्याला फुटामागे 22 रुपये. ऑनलाइन विकणाऱ्या 11 लहान-मध्यम ब्रँडचा माल सांभाळायचा आणि ऑर्डर आली की पिकिंग-पॅकिंग करून कुरिअरच्या हवाली करायचं, हे काम. वर्षभरापूर्वी रोज 2,400 ऑर्डरी निघायच्या, आता 1,300 निघतात. दर ऑर्डरला 26 रुपये. साठवणूक आणि परत आलेला माल पुन्हा लावणं त्यातच धरलंय. माणसं 38. दोन पार्ट्या दर उतरवा म्हणून मागे लागल्यात आणि तिघांची पेमेंट लटकलीत. दर कमी करून ऑर्डरी वाढवाव्यात की माणसं कमी करावीत, असं तुम्ही विचारलंय.

मी 2011पासून हेच काम करतो. सुरुवात मानकोलीजवळ 5,000 फुटांच्या एका गाळ्यात झाली. नोव्हेंबर 2016 बघितला, एप्रिल 2020 बघितला आणि 2022-23मध्ये नव्या ब्रँडना मिळणारा गुंतवणूकदारांचा पैसा आटला तोही काळ बघितला. त्या जोरावर सांगतो, तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टींपैकी एकही आधी करू नका. का ते तुमच्याच आकड्यांवरून दिसतं.

भाडं 6 लाख 60 हजार. माणशी 18,000 धरले तर पगार 6 लाख 84 हजार. वीज, सुरक्षारक्षक, सॉफ्टवेअर, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती मिळून 1 लाख 20 हजार धरू. महिन्याचा खर्च झाला 14 लाख 64 हजार. महिन्याचे 26 दिवस, रोज 2,400 ऑर्डरी, 26 रुपये दर, म्हणजे 16 लाख 22 हजार यायचे आणि दीड लाखाच्या वर उरायचे. आज 1,300 ऑर्डरींचे 8 लाख 79 हजार येतात. तूट 5 लाख 85 हजार.

आता दर 26चा 23 करा. खर्च तेवढाच धरून नुसती तोंडमिळवणी करायची तरी रोज 2,448 ऑर्डरी लागतील. म्हणजे तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवसांपेक्षा जास्त, तेही बाजार पडलेला असताना. दुसरा मार्ग घ्या. निम्मी माणसं घरी पाठवली तर 3 लाख 42 हजार वाचतील, पण 2 लाख 43 हजारांची तूट राहीलच, आणि वर चुकीचे पार्सल जायला लागतील. तुमचं भोक दरातही नाही आणि माणसांतही नाही, ते जागेत आहे. आपल्या धंद्यात ऑर्डरी कमी झाल्याने गोदाम बुडत नाही. न हलणारा माल फुकट सांभाळला आणि हलणाऱ्या मालाचे पैसे आले नाहीत, की बुडतं.

त्यात शिरण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. ऑर्डरी खरंच कमी झाल्यात, की दुसऱ्या वाटेने जायला लागल्यात? गेल्या दोन-तीन वर्षांत शहरातला ग्राहक साबण, शाम्पू, सुकामेवा, बाळाचे डायपर यांसाठी दोन दिवस कुरिअरची वाट बघत नाही. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टवरून मागवतो. ब्रँडची विक्री तेवढीच असते, फक्त तुमच्याकडून निघणारी 300 पार्सलं आता 40 पेट्या होऊन त्यांच्या गोदामाकडे जातात. तुमच्या 11 जणांपैकी प्रत्येकाला फोन करून सरळ विचारा की विक्री घटली की मार्ग बदलला. मार्ग बदलला असेल तर ते काम तुम्हीच मागून घ्या. पद्धत वेगळी आहे. पीओप्रमाणे (त्यांच्या खरेदी ऑर्डरप्रमाणे) पेट्या भरायच्या, प्रत्येक पेटीवर त्यांच्या नमुन्याचं लेबल, एक्सपायरीला किती दिवस उरले पाहिजेत त्याचा नियम, ठरलेल्या वेळेची अपॉइंटमेंट. गाडी उशिरा पोचली तर माल परत येतो आणि पेटीत एक नग कमी भरला तर जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या त्यांच्या नोंदीत) शॉर्ट दाखवून पैसे कापले जातात. पण पेटीमागे दर बरा मिळतो. आम्ही हे काम उशिरा घेतलं आणि तोवर दोन पार्ट्या पलीकडच्या गोदामात गेल्या होत्या.

आता जागेचं. तुमच्या 30,000 फुटांतून डॉक, वाटा, पॅकिंगची टेबलं, परत आलेल्या मालाचा कोपरा, ऑफिस हे सगळं वजा करा. माल ठेवायला खरी किती जागा उरते ते टेप घेऊन मोजा. बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास निघते. 15,000 फूट धरली, तर भाडं आणि ठरलेला वरखर्च मिळून 7 लाख 80 हजार रुपये त्या 15,000 फुटांवर बसतात. म्हणजे घेताना 22 रुपयांची असलेली जागा वापरात येईपर्यंत 52 रुपयांची झालेली असते. ती तुम्ही 26 रुपयांच्या ऑर्डरच्या पोटात फुकट देताय. ऑर्डरी भरपूर असताना हे खपून जातं. मंदीत पार्टी विकते कमी, पण आधी मागवलेला माल येतच राहतो. मग गोदाम गच्च भरलेलं आणि बिल निम्मं, अशी उलटी अवस्था येते.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून आमच्याकडे एक साधी सवय आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघेजण खडू घेऊन रॅकमधून फिरतात. ज्या पेटीची टेप फुटलेली नाही, तिच्यावर एक उभी रेघ. पुढच्या महिन्यात पेटी तशीच असेल तर शेजारी दुसरी. सॉफ्टवेअरमध्ये एजिंग रिपोर्ट (कुठला माल किती दिवस पडून आहे त्याचा) असतो, मीही काढतो, पण पार्टीच्या मालकाला गोदामात बोलावून पाच-पाच रेघांची थप्पी दाखवली की जो परिणाम होतो तो एक्सेलने होत नाही. स्टीलच्या डब्यांची एक पार्टी होती. त्यांच्या मालकीणबाई त्या थप्पीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. 900 पेट्यांतल्या 500हून अधिक पेट्यांवर चार किंवा जास्त रेघा होत्या. त्यांनी तिथूनच फोन केला आणि ते मॉडेल कंपन्यांना दिवाळीभेट म्हणून द्यायचं ठरवलं. दोन महिन्यांत अख्खी रांग रिकामी झाली. त्यांचा अडकलेला पैसा सुटला, माझी जागा सुटली. दर उतरवून मी त्यांचं इतकं भलं करू शकलो नसतो.

म्हणून जे दोघे दर उतरवा म्हणताहेत त्यांना नाही म्हणू नका, दराची मोड करून द्या. साठवणुकीचं बिल वेगळं, रोजच्या सरासरी वापरावर. पिकिंग-पॅकिंगचा दर वेगळा. परत आलेला माल तपासून लावायचा दर वेगळा. आणि या सगळ्याखाली किमान मासिक बिल. ऑर्डरचा दर 26वरून 20 करा. ज्याचा माल पटापट फिरतो त्याचं एकूण बिल कमी होईल, म्हणजे त्याने मागितलं ते त्याला मिळालं. ज्याचा माल पडून आहे त्याचं वाढेल. तो कुरकुर करेल. एखादा जाईलही. जाऊ द्या. दुष्काळात तेरावा महिना नको.

हिशेब करून बघू. खडू फिरवून, माल हलवून 10,000 फूट मोकळे केले आणि मालकाला परत दिले. उरलेल्या 20,000मधले 10,000 फूट मालाचे धरा, त्याला फुटाला 30 रुपये, म्हणजे 3 लाख. ऑर्डरीचे 20 रुपयांनी 6 लाख 76 हजार. रोज 250 पार्सलं परत येतात असं धरू, त्यांचे नगाला 12 रुपये म्हणजे 78 हजार. आवक 10 लाख 54 हजार. खर्चात भाडं 4 लाख 40 हजार, वरखर्च 1 लाख 10 हजार, 30 माणसांचे 5 लाख 40 हजार, मिळून 10 लाख 90 हजार. तूट 36 हजारांवर आली. एवढी तूट वर्षभर सोसता येते. 5 लाख 85 हजारांची तीन महिनेही सोसवत नाही.

यात 8 माणसं कमी धरलीत, त्याबद्दल पुढे लिहितो. त्याआधी भाडेमालकाशी काय बोलायचं ते.

मुंबईच्या जकातीमुळे भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत गोदामं उभी राहिली. माल जकात नाक्याबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट वाढली. इथले पुष्कळ गाळामालक आजूबाजूच्या गावचेच आहेत. शेती विकून वा शेतावर बांधून त्यांनी गाळे उभे केले, आणि भाड्यावर घर चालतं. त्यांच्याकडे जाऊन ‘मंदी आहे, भाडं कमी करा’ म्हटलं तर तुमच्या आधी चार जण तेच म्हणून गेलेले असतात. दर कमी करायला सांगू नका, जागा कमी करायला सांगा. ‘हा एक गाळा घ्या, उरलेल्या दोनचं लॉक-इन (मुदतीआधी जागा न सोडायची अट) मी पुढे दोन वर्षं वाढवून देतो, डिपॉझिटातला या गाळ्याचा वाटा भाड्यात वळता करा.’ हे बोलणं दसऱ्याच्या आत करा. दिवाळीचा माल ऑगस्टपासून उतरायला लागतो, तेव्हा मालकाला दुसरा भाडेकरू मिळायची आशा असते. जानेवारीत रिकामा गाळा कोणालाच नको असतो. जे ठरेल ते लिव्ह अँड लायसन्सच्या दुरुस्ती करारात नोंदवून घ्या, तोंडी ठेवू नका. जाता जाता वीज कंपनीकडचा मंजूर भारही बघा. गाळा सोडल्यावर तेवढा भार लागत नसेल तर कमी करून घ्या, बिलातल्या स्थिर आकारात फरक पडू शकतो.

आता पैशाचं. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि माझा सगळ्यात जास्त पैसा इथेच गेलाय.

तुमच्या 26 रुपयांची चिंता नंतर करा, आधी कुरिअरचं भाडं कोण भरतं ते सांगा. तुमच्या खात्यावरून कुरिअर बुक होत असेल आणि महिनाअखेर पार्टीला बिल लावत असाल, तर तुम्ही गोदामवाले नाही, विनातारण कर्ज देणारे सावकार आहात. रोज 200 ऑर्डरींची एक पार्टी धरा, पार्सलमागे कुरिअर 65 रुपये. महिन्याला 3 लाख 38 हजार तुमच्या खिशातून जातात. महिनाभराचं बिल, वर 45 दिवसांची उधारी, म्हणजे साडेआठ लाखांपर्यंत पैसे बाहेर. त्या पार्टीकडून तुमची स्वतःची महिन्याची पूर्ण कमाई 1 लाख 35 हजार, आणि तोही नफा नव्हे. एक पार्टी बुडाली की सहा महिन्यांची कमाई गेली. म्हणून या आठवड्यातच सगळ्यांना पत्र द्या की कुरिअरचे पैसे आगाऊ. वॉलेटमध्ये रक्कम असेल तेवढी पार्सलं निघतील. जो प्रामाणिक आहे आणि अडचणीत आहे तो आठवड्याला भरेल. जो भरणारच नाही तो आज कळलेला बरा.

जीएसटीचंही लक्षात असू द्या. बिल फाडलं की 18 टक्के सरकारला द्यायचे, पार्टीने दिले असोत वा नसोत. इनपुट क्रेडिट (आपण खरेदीवर भरलेला कर) वजा जाऊनही मंदीत ही रक्कम जड जाते, आणि बुडीत बिलावर भरलेला कर परत मिळायची सोय आपल्या कायद्यात नाही. पण त्याच कायद्यात तुमच्या हाती एक दोरीही आहे. तुमचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर पार्टीला घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पाचव्या महिन्यात त्यांच्या सीएला एक नम्र मेल टाका. मालक फोन उचलत नसला तरी सीए वाचतो.

उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म वा लघु उद्योगाला लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, असं 2006चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्याज प्रत्यक्षात मी क्वचितच मागितलंय. पण 1 एप्रिल 2024पासून आयकरात 43बी(एच) आलं आणि चित्र बदललं. मुदतीत न दिलेल्या बिलाचा खर्च पार्टीला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीपासून जुनी बिलं शोधून शोधून चुकती होतात. नोंदणी पैसे थकायच्या आधीची असू द्या. थकल्यावर केलेल्या नोंदणीवर पुढे वाद होतात.

तिघांचं पेमेंट लटकलंय, असं लिहिलंय. ते आजारी आहेत की फक्त सुस्त, हे कसं ओळखायचं? जीएसटी पोर्टलवर कोणाचाही जीएसटी नंबर टाकला की त्याने कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. दर महिन्याच्या 25 तारखेला मी सगळ्या पार्ट्यांचे नंबर टाकतो. चहा पिता पिता होणारं काम आहे. 3बी (दर महिन्याचं रिटर्न) एक महिना चुकलं तर फोन करतो. दोन महिने चुकलं की त्यांना ई-वे बिल (मोठा माल गाडीने न्यायला लागणारी ऑनलाइन चिठ्ठी) काढता येत नाही, म्हणजे माल काढायचा म्हटलं तरी निघणार नाही. तोवर थांबलात तर वरातीमागून घोडं. दुसरी खूण इनवर्डची, म्हणजे येणाऱ्या मालाची. जो दर पंधरवड्याला गाडी पाठवायचा त्याची गाडी महिनाभर लागली नाही आणि तरी ‘सगळं छान चाललंय’ म्हणतो, तेव्हा त्याचा पुरवठादार त्याला उधार देईनासा झालेला असतो. तिसरी खूण, हिशेब बघणारी व्यक्ती बदलते आणि नवीन माणसाला प्रत्येक बिलाचा पुरावा पुन्हा हवा असतो.

मी या तिन्ही खुणा 2022च्या अखेरीस बघितल्या आणि तरी थांबलो. लहान मुलांच्या कपड्यांची पार्टी होती. मालक तरुण, बोलायला गोड, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. बिल लटकलं, मी थांबलो. आणखी एक गाडी माल आला, मी उतरवून घेतला. मला वाटायचं, त्याचा 1,140 पेट्या माल माझ्या ताब्यात आहे, पैसे बुडतील कसे? मग त्याचा फोन लागेना. वकिलांकडे गेलो तेव्हा जे कळलं ते दहा वर्षं धंदा करूनही मला माहीत नव्हतं. 1872च्या करार कायद्यात बँकर, फॅक्टर (माल विकून देणारे अडते), वार्फिंजर (धक्क्यावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा-पॉलिसी दलाल यांनाच सगळ्या थकबाकीसाठी माल अडवून धरायचा सरसकट हक्क आहे. गोदामवाला त्या यादीत नाही. ज्या मालावर श्रम वा कौशल्य खर्च केलं, त्या मालापुरतं त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो अडवता येतो. नुसता सांभाळला म्हणून नाही, आणि पार्टीच्या बाकीच्या थकबाकीसाठीही नाही. हक्क हवा असेल तर तो करारात लिहिलेला पाहिजे. माझा करार दोन पानांचा होता, त्यात दर होते आणि सह्या होत्या.

त्या पेट्या माझ्याकडे अकरा महिने होत्या. विकता येईनात, फेकता येईनात. ज्या मालाची काळजी घ्यायची जबाबदारी तुमची, त्याला बुरशी लागली तर उलट तुमच्यावर दावा. पावसाळ्यात दर आठवड्याला ताडपत्री उचलून बघायचो. टेप वाळून सुटायला लागली होती, एका पेटीतून पिवळे छोटे मोजे बाहेर लोंबत होते. त्यांच्या जीएसटीत माझा पत्ता ‘धंद्याचं जादा ठिकाण’ म्हणून नोंदलेला, त्यामुळे त्यांच्या नावाच्या नोटिसाही माझ्या दारात. शेवटी त्यांच्या पुरवठादाराच्या मध्यस्थीने लेखी तडजोड झाली आणि थकबाकीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे हाती लागले.

म्हणून तुमचे अकराही करार या महिन्यात नव्याने करा. त्यात चार गोष्टी असू द्या. कुठल्याही थकबाकीसाठी सगळ्या मालावर धारणाधिकार, म्हणजे तो अडवून धरायचा हक्क. इतक्या दिवसांच्या नोटिशीनंतर माल विकून येणं वसूल करायचा अधिकार. करार संपताच त्यांच्या जीएसटीतून तुमचा पत्ता काढायची जबाबदारी आणि त्याची मुदत. आणि सीओडीतून (माल दारात देताना ग्राहकाकडून घेतलेल्या पैशांतून) वळती करायची परवानगी. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, दहा-पंधरा हजार जातील, जाऊ द्या. पार्टी एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणात) गेली तर धारणाधिकार असूनही हात बांधले जातात, तेव्हा तो कागद त्याआधी वापरायचा असतो.

सीओडीबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण या मोहात चांगली माणसं अडकताना पाहिलीत. कुरिअरकडून गोळा झालेले पैसे तुमच्या खात्यातून पार्टीकडे जात असतील, तर त्यासाठी वेगळं खातं उघडा आणि त्याचं चेकबुक घरी ठेवा. पगाराची तारीख आली, खात्यात चार लाख दिसताहेत, दोन दिवसांसाठी वापरू, असं मनात येतं. ते पैसे आपले नाहीत. करारात लिहिलेली वळती, तीही कळवून, एवढाच आपला हक्क.

परतीच्या मालाकडे वळतो. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री नोटा बंद झाल्या. आमच्या बहुतेक ऑर्डरी सीओडीच्या होत्या. दोन दिवस काही कळलं नाही, मग गाड्या यायला लागल्या. निघालेला माल दारातून परत. लोकांकडे द्यायला चालणाऱ्या नोटाच नव्हत्या. त्या आठवड्यात आमच्या डॉकवर पार्सलांचा ढीग शटरच्या निम्म्या उंचीपर्यंत गेला होता. नवीन ऑर्डरी जवळपास नाहीत, आणि तरी माणसं रात्री नऊपर्यंत काम करत होती. पार्सल उघडायचं, आत तोच नग आहे का बघायचं, टॅग शाबूत आहे का, वास येतो का, डाग आहे का, मग ‘चांगला’, ‘दुरुस्तीचा’, ‘गेलेला’ अशी वर्गवारी, नवीन बारकोड, पुन्हा जागेवर. पाठवायला दोन मिनिटं लागतात त्या नगाला परत घ्यायला पाच लागतात, आणि हे आम्ही फुकट करत होतो, कारण दरात ‘सगळं आलं’ असं ठरलेलं. मंदीत ग्राहक बेताने घेतो, आवडलं नाही तर लगेच परत करतो, सीओडी दारात नाकारतो. तुमच्या ऑर्डरी घटल्यात, पण परतीचं प्रमाण बहुधा वाढलं असेल. मोजा. ज्या पिनकोडवरून सतत माल परत येतो तिथली सीओडी बंद करायचा सल्ला पार्टीला तुम्हीच द्या. आकडे तुमच्याकडे आहेत, त्यांच्याकडे नाहीत.

आता माणसं. 38ची 30 करायला सांगितलं, पण आठ जणांना उद्या ‘येऊ नका’ म्हणायला सांगत नाहीये. या कामात माणसं येत-जात असतात, गावी गेलेले सगळे परतत नाहीत. चार-पाच महिने नवीन भरती बंद ठेवली, ठेकेदाराकडून सणासुदीला घेतलेली जादा माणसं थांबवली, ओव्हरटाइम बंद केला, की बहुतेक ठिकाणी तो आकडा आपोआप गाठला जातो. कोणाला ठेवायचं ते मात्र नीट बघा. आमच्याकडे पूर्णा गावच्या एक ताई पिकिंगला आहेत. लिस्ट वाचायच्या आधीच त्यांचे पाय वळलेले असतात. कुठल्या दोन एसकेयूंची (वस्तूंच्या प्रकारांची) पेटी सारखी दिसते आणि चूक कुठे होते ते त्या झोपेत सांगतील. एका चुकीच्या पार्सलला जाण्याचं कुरिअर, येण्याचं कुरिअर, पुन्हा पाठवायचं कुरिअर, असे दोनशेच्या आसपास रुपये लागतात, वर पार्टीचा ग्राहक जातो. अशी माणसं पगार थोडा जास्त असला तरी शेवटपर्यंत ठेवायची.

हे मला एप्रिल 2020ने शिकवलं. 25 मार्चला टाळेबंदी लागली आणि मुंबई-नाशिक हायवेने माणसांच्या रांगा चालत निघाल्या. त्यांत आमच्या गोदामातलेही होते, आझमगडचे, जौनपूरचे. मी त्यांना थांबवू शकलो नाही, थांबवायचा हक्कही नव्हता. पगार झाला होता तेवढा दिला, वाटेसाठी बिस्किटांचे पुडे दिले. मागे राहिल्या त्या आसपासच्या गावांतल्या सात बायका आणि दोन मुलं. जीवनावश्यक मालाला परवानगी मिळाली तेव्हा त्या नऊ जणांनी सॅनिटायझर आणि किराणा काढला. मी स्वतः हँड पॅलेट ओढत होतो. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं की निम्मी माणसं चालत घरी जाता येईल इतक्या अंतरावरची असतील. पगार सात तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआयसी वेळेवर, मंदी असो वा नसो. मालक आधी पीएफ थकवतो आणि मग सगळंच, हे कामगारांना आपल्याआधी कळतं. आणि कळलं की सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात आधी शेजारच्या गोदामात जातो.

माथाडींशी वाराईवरून (माल चढवायच्या-उतरवायच्या मजुरीवरून) घासाघीस करून महिन्याला चार-पाच हजार वाचतील, त्यासाठी या काळात भांडण काढू नका. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्याहून जास्त जातात.

क्रमाने सांगायचं तर उद्या सकाळी कुरिअर आगाऊचं पत्र काढा आणि त्या तिघांचे जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. येत्या रविवारी खडू. त्यानंतर दर मोडून द्यायचं बोलणं, आधी त्या दोघांशी जे स्वतःहून आलेत. गाळा परत द्यायचं बोलणं जागा खरंच मोकळी दिसायला लागल्यावर. तुमच्या भाडेकरारात लॉक-इन कधी संपतं आणि तीन गाळे वेगवेगळ्या करारात आहेत की एकाच, ते कळवा. एकाच करारात असतील तर मालकाशी बोलायची पद्धत थोडी वेगळी लागेल, ते वाचून सांगतो.